देखणी म्हणजे कोण?

स्थळाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न ठरलेला, “मुलगी देखणी आहे का?” मुलीची कुंडली तर सगळेच मांडतात. आज आपण या शब्दाची मांडू.

प्राकृतातल्या ‘देक्ख’पासून मराठीत ‘देखणे’ आलं. देखणे म्हणजे पाहणे. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीत हे क्रियापद पानोपानी भेटतं. पुढे रोजच्या बोलण्यात ‘पाहणे’ आणि ‘बघणे’ यांनी त्याची जागा घेतली. तरी ते घर सोडून गेलेलं नाही. आपण डोळ्यांदेखत म्हणतो, पिकाची देखरेख करतो, देखल्या देवाला दंडवत घालतो.

जुन्या मराठीत ‘देखणा’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक, पाहणारा, म्हणजे डोळस, जाणता. दुसरा, पाहत राहावं असा. पहिला अर्थ बोलण्यातून विरला, दुसरा तेवढा उरला. म्हणजे जी देखणी कधीकाळी स्वतः बघणारी होती, ती आता नुसती बघितली जाणारी झाली. पोह्यांची बशी घेऊन मान खाली घालून बसलेली मुलगी आठवा, म्हणजे किती हरवलं ते कळेल.

आणखी एक. या शब्दात रंग कुठेच नाही. ‘गोरी, देखणी’ ही जोडी लग्नाच्या जाहिरातींत घट्ट बसली आहे, पण सावळ्या विठोबाला देखणा म्हणताना आपण कधी अडखळतो का? शिवाय शब्द एकट्या बायकांचा नाही. बैल देखणा, वाडा देखणा, अक्षर देखणं. ‘सुंदर’ सगळ्यांपुढे तसाच राहतो. ‘देखणा’ मात्र ज्याच्याशेजारी बसेल त्याचं लिंग घेतो.

गोव्यात तर ‘देखणी’ नावाचा कोकणी नाचगाण्याचा प्रकारच आहे. त्यातल्या एका प्रसिद्ध गाण्यातली मुलगी नावाड्याला म्हणते, मला पैलतीरी लग्नाला जायचंय, वाट दाखव. त्या बदल्यात ती अंगावरचे दागिने देऊ करते. 1973च्या ‘बॉबी’ सिनेमातून त्याची चाल आपल्यापर्यंत पोचली. नाव देखणी, पण गाण्यात तिच्या रूपापेक्षा तिची पलीकडे जायची घाईच मोठी!

गोव्याचेच कवी बा. भ. बोरकर. त्यांनी एका कवितेत चेहऱ्यांसोबत राबणाऱ्या हातांना आणि चालणाऱ्या पावलांनाही देखणं म्हटलं आहे.

तुमच्या गावात कशाकशाला देखणं म्हणतात? आजीला, सासूबाईंना विचारा आणि केंद्रावर कळवा. पुढच्या भागात आपण ‘साजरी’ घेऊ. विदर्भातल्या मैत्रिणींनी तयार राहावं.