डिओने काखेत आग होते? घरीच बनवा साधं मलम. पण खायचा सोडा आणि लिंबू नको

ऊन वाढलं की घामाच्या वासाचा त्रास सगळ्यांनाच होतो. दुकानातला स्प्रे मारला की काहींच्या काखेत आग होते, खाज सुटते, कातडी लाल होते. स्प्रेमधला सुगंध आणि अल्कोहोल नाजूक त्वचेला सोसत नाही. मग मोबाईलवर बघून लोक खायचा सोडा आणि लिंबू लावतात. मीही मागच्या उन्हाळ्यात लावला होता. तिसऱ्या दिवशी काख सोलली, आठवडाभर हात अंगाला लावता येईना. म्हणून ही माहिती.

वास कशाने येतो?
नुसत्या घामाला फारसा वास नसतो. काखेतल्या ओलाव्यात जिवाणू वाढतात आणि घामातले घटक फोडतात, त्याचा वास येतो. म्हणजे काख स्वच्छ आणि कोरडी राहिली की निम्मं काम झालं. घाम बंद करायची गरज नाही. उन्हात काम करताना घामानेच अंग थंड राहतं.

सोडा आणि लिंबू का नको?
आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण 5 च्या आसपास. खायचा सोडा अल्कधर्मी, पीएच 8 च्या वर. रोज चोळला की त्वचेचं वरचं संरक्षण जातं. लिंबू उलट, पीएच 2 च्या जवळ, म्हणजे फार आंबट. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या जागेवर ऊन पडलं तर फोड येतात आणि काळे डाग राहतात.

साहित्य (पोह्याच्या चमच्याने)
• खोबरेल तेल : 3 चमचे (बिनवासाचं)
• आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर : 3 चमचे
• मधमाशीचं मेण, किसून : 1 चमचा (मेणबत्तीचं नको)

कृती
1. पातेल्यात पाणी गरम करा. त्यात स्टीलची कोरडी वाटी ठेवून तेल आणि मेण वितळवा. वाटी थेट गॅसवर किंवा चुलीवर ठेवू नका, मेण पेट घेऊ शकतं.
2. वाटी खाली उतरवून आरारूट थोडं थोडं टाकत हलवा, गुठळ्या राहू देऊ नका.
3. कोरड्या डबीत ओता आणि गार होऊ द्या.

खोबरेल तेल 24 अंशाच्या वर पातळ होतं, म्हणून मेण लागतं. कडक उन्हाळ्यात तरीही मऊ पडलं तर पुढच्या वेळी मेण अर्धा चमचा वाढवा. यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, बुरशी धरते. वास बदलला तर टाकून द्या. कापूर, अत्तर, निलगिरीचं तेल घालायचा मोह टाळा, नाजूक त्वचेला बहुतेक वेळा सुगंधच बाधतो.

आधी तपासा, मग लावा
कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा. लाली, खाज नसेल तरच वापरा. आंघोळीनंतर काख पुसून पूर्ण कोरडी करा आणि हरभऱ्याएवढं मलम बोटाने पसरवा. केस काढले त्या दिवशी लावू नका. कपड्याला तेलाचा डाग पडू शकतो, म्हणून थोडंच लावा.

मलम बनवायला वेळ नसेल तर तुरटी आहेच. न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच. खडा ओला करून एकदा फिरवा, वाळू द्या. कापलेल्या, सोललेल्या कातडीवर मात्र नको. त्याच्या जोडीला सुती कपडे, रोज धुतलेलं बनियन किंवा ब्लाऊज, आणि ते उन्हात कडक वाळवलेलं हवं.

डॉक्टरांकडे कधी?
काखेत गोल चट्टा, कडेला लाल आणि खाजरा असेल तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावर कोणतंच मलम घरी करून लावू नका. मेडिकलमधून मनाने ट्यूबही आणू नका. बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण आणखी पसरतं. गाठ, पू, फोड असेल किंवा आठ दिवसांत खाज थांबली नाही, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. लाजून दुखणं अंगावर काढू नका.