सावकाराच्या कर्जाचा तक्ता मांडणारे धनंजयराव गाडगीळ

गटाच्या बैठकीत आपण बचत आणि कर्जाचं बोलतो. आज आम्ही त्याच विषयातली जुनी गोष्ट सांगणार आहोत. खेड्यातल्या माणसाला पैसा कुठून मिळावा, याचा विचार जन्मभर केलेल्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांची ही गोष्ट आहे.

त्यांचा जन्म १९०१ चा, नाशिकचा. शाळा मात्र आपल्या विदर्भात, नागपूरला झाली. पुढे ते इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकले. १९३० साली पुण्यात गोखले संस्था सुरू झाली. तिचे ते पहिले संचालक, आणि १९६६ पर्यंत तेच होते. आधी गावात जाऊन विचारायचं, मोजायचं, मग मत द्यायचं, ही त्यांची रीत. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च त्यांनी असाच तपासला.

१९५१ साली रिझर्व्ह बँकेने गावातल्या कर्जाची देशभर पाहणी सुरू केली. तिच्या चौघांच्या समितीत गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाच्या वर कुटुंबं. प्रश्न साधा होता: कर्ज कोणाकडून घेता? उत्तर ऐका. शेतकऱ्याच्या १०० रुपये कर्जातले जवळजवळ ७० रुपये सावकाराचे. सहकारी सोसायटीचे ३. बँकेचा तर पुरता एक रुपयाही नाही. सहकाराचा कायदा १९०४ पासून होता, म्हणजे जवळपास ५० वर्षांनंतरची ही स्थिती.

सोसायटी कर्ज द्यायची ती जमीन बघून. ज्याच्याकडे जमीन थोडी किंवा नाहीच, तो सावकाराच्या दारात. म्हणून समितीने सांगितलं, येणाऱ्या पिकाच्या भरवशावर कर्ज द्या, मालाची विक्री आणि कर्जाची वसुली एकमेकींना जोडा, सोसायटीच्या भांडवलात सरकारनेही वाटा उचलावा. गावापर्यंत जाणारी सरकारी बँक हवी, हेही सांगितलं. १९५५ साली स्टेट बँक झाली ती त्यातूनच.

गाडगीळ नुसते अहवाल लिहून थांबले नाहीत. नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून प्रवरेचा साखर कारखाना उभारला. त्याचे सुरुवातीचे अध्यक्ष गाडगीळच होते. थोडा थोडा पैसा घालून माणसं मोठ्या धंद्याचे मालक होऊ शकतात, हे तिथे दिसलं.

१९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना पुढे ज्या नियमाने वाटली जायची, त्याला ‘गाडगीळ सूत्र’ म्हणतात. १९६९ मध्ये त्यांच्याच अभ्यासगटाने बँकांसाठी जिल्हावार कामाची कल्पना मांडली. त्यातून प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक मिळाली. आपल्या चंद्रपूरची बँक ऑफ इंडिया आहे. ३ मे १९७१ ला गाडगीळ वारले.

आता एक गोष्ट आम्हाला बोलायचीच आहे. या सगळ्यात बाई कुठे होती? रोवणी तिची, निंदण तिचं, मोहफूल वेचणं तिचं. पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून सोसायटीचा सभासदही बहुतेक तोच. ऊस कारखान्याचा भागही ज्याची जमीन त्याचाच. पिकावर कर्ज मिळालं तरी पीक कागदावर तिचं नव्हतं. ही फट भरायला आणखी वर्षं गेली. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. तिथे जमीन विचारली नाही. बचत, बैठक, परतफेड आणि नोंदवही पाहिली. आज गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा नियम आहे.

तरी सावकार गेला असं समजू नका. आता तो मोटारसायकलवर येतो, आठवड्याचा हप्ता सांगतो, सही घेतो.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत गाडगीळांचा तक्ता आपल्या वहीत मांडा. प्रत्येकीने वर्षभरातलं कर्ज सांगायचं: गटाचं किती, बँकेचं किती, कंपनीचं किती, सावकाराचं किती, आणि व्याज शेकडा किती. कोणाला लाज वाटली तर नाव लिहू नका, आकडा लिहा. बेरीज झाली की बँकेत किती मागायचं ते आपोआप कळेल. तो कागद घेऊनच मॅनेजर साहेबांकडे जाऊ.