धर्मादाय देणग्या व अनुदाने (मुंबई व सांताक्रूझ)

शिक्षण, आरोग्य आणि दुर्बल समाजाची उन्नती यांसाठी एखाद्या व्यक्तीने परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या द्रव्यास धर्मादाय देणगी म्हणतात. अशा देणगीतून उभारलेल्या न्यासाने आपल्या उत्पन्नातून दुसऱ्या संस्थेस विशिष्ट कार्यासाठी दिलेली रक्कम म्हणजे धर्मादाय अनुदान होय. देणगीत दाता आणि कार्य यांचा संबंध प्रत्यक्ष असतो. अनुदानात त्यांच्यामध्ये न्यासपत्र, विश्वस्त आणि कायदा हे तीन घटक येतात. त्यामुळे अनुदानाच्या इतिहासात दिलेल्या रकमेइतकेच महत्त्व तिच्याबरोबर घातलेल्या अटींना असते. पैसा कोठे, कोणासाठी व कोणाच्या निर्णयाने खर्च व्हावा, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरातील जुहू मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा ‘सर विठ्ठलदास विद्याविहार’ हा परिसर आहे. त्याच्या नावामागे अशाच एका देणगीची व तिच्या अटींची हकीकत आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात विद्येसाठी दान देण्याची परंपरा जुनी आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजी अंमलाने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग विद्येच्या संस्थात्मक कार्याकडे वळविला. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा हे त्याचे पहिले मोठे फळ होय. पुढे लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी १८४९ मध्ये सरकारला अर्ज करून दक्षिणा निधीतील रकमेचा विनियोग मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन देण्यासाठी व्हावा, अशी मागणी केली. सनातनी मंडळींनी या मागणीस कडवा विरोध केला. एका ज्ञातीसाठी राखलेला निधी सर्व समाजाच्या ज्ञानासाठी वापरावा की नाही, हा तो वाद होता. पुढे जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळांनाही याच निधीतून साहाय्य मिळाले. जुन्या दानाचा उद्देश कालानुरूप बदलता येतो, हे महाराष्ट्रात प्रथम या प्रकरणाने दाखवून दिले.

मुंबईतील व्यापारी दान : एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या व्यापारातून निर्माण झालेल्या संपत्तीचा मोठा ओघ सार्वजनिक बांधकामांकडे वळला. त्यात पारशी, गुजराती व ज्यू दात्यांचा वाटा मोठा होता. माहीम व वांद्रे यांमधील खाडी ओलांडताना होड्या बुडून माणसे दगावत. परंतु तेथे रस्ता बांधण्यास सरकार तयार नव्हते. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी सु. १,५७,००० रुपये दिल्यावर १८४५ मध्ये हा बंधारा-मार्ग खुला झाला. त्यावरून जाणाऱ्यांकडून सरकारने कर घेऊ नये, अशी त्यांची अट होती. या मार्गाने साष्टी बेटाचा दक्षिण भाग मुंबईस जोडला गेला आणि वांद्रे, सांताक्रूझ, जुहू या गावांच्या पुढील वाढीची वाट मोकळी झाली. जिजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय (१८४५) आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाच्या आवारात बांधलेला राजाबाई मनोरा (पूर्ण १८७८) ही याच काळातील ठळक उदाहरणे होत.

अशा देणग्यांनी शहरास रुग्णालये, ग्रंथालये व शाळा मिळाल्या. मात्र त्यांचे स्वरूप बहुधा एकाच वास्तूपुरते असे. वास्तू उभी राहिली, दात्याचे नाव तिच्यावर कोरले गेले, की दान पूर्ण झाले असे मानले जाई. तीत काम करणाऱ्यांचे वेतन, औषधे, पुस्तके आणि दुरुस्ती यांची तरतूद पुष्कळदा दुसऱ्या कोणाला तरी करावी लागे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा लोकांची वर्गणी आणि सरकारी मदत यांची सांगड घालण्याचा मार्ग खुला झाला. तथापि ज्या गावांत वर्गणी जमविण्याचीच ऐपत नव्हती, ती गावे या पद्धतीतही मागेच राहिली.

ठाकरसी देणगी : धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यास भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना केली. मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि स्त्रीजीवनास उपयुक्त असा अभ्यासक्रम ही त्याची वैशिष्ट्ये होती. सरकारी मान्यता नसल्यामुळे सरकारी अनुदानही नव्हते. कर्वे गावोगाव फिरून वर्गण्या गोळा करीत. लहान रकमांच्या असंख्य पावत्यांवर विद्यापीठाचा संसार चाले. विधवांच्या आश्रमासाठी (१८९६) त्यांनी याच रीतीने पैसा उभा केला होता.

मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी जगप्रवासात जपानमधील महिला विद्यापीठ पाहिले आणि त्या संस्थेने ते प्रभावित झाले. कर्व्यांच्या कल्पनेचे मूळही जपानी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातच होते. १९२० मध्ये ठाकरसींनी विद्यापीठास १५ लाख रुपयांची देणगी देण्याचे जाहीर केले. रोख्यांवरील साडेतीन टक्के व्याजाचे वार्षिक ५२,५०० रुपये विद्यापीठास मिळावयाचे होते. देणगीबरोबर अटीही होत्या. विद्यापीठास दात्याच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देणे आणि त्याचे ठाणे पुढे मुंबईस नेणे, या त्यांतील प्रमुख होत. नावाची अट त्याच वर्षी अमलात आली. मुख्यालय मात्र १९३६ मध्ये मुंबईस हलविण्यात आले. १९४९ च्या अधिनियमानुसार १९५१ पासून विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळाला. त्यानंतर मुंबईच्या वाढत्या उपनगरांत त्याने जुहू मार्गावर दुसरा परिसर उभारला; गृहविज्ञान, तंत्रशिक्षण आणि औषधनिर्माणशास्त्र यांच्या संस्था तेथे आल्या.

या देणगीचे मूल्यमापन दोन बाजूंनी करावे लागते. तिच्यामुळे मान्यता नसलेली संस्था तीस वर्षे तग धरू शकली आणि हजारो स्त्रियांना उच्च शिक्षणाचा मार्ग मिळाला. दुसऱ्या बाजूने, पुण्याजवळच्या माळरानावर वर्गणीतून वाढलेल्या संस्थेचे केंद्र दात्याच्या शहरात गेले. कर्व्यांनी अट मान्य केली, कारण नाव व ठिकाण यांपेक्षा स्त्रीशिक्षणाचे सातत्य त्यांना मोलाचे वाटत होते. परंतु त्यांचे पुढील पाऊल लक्षणीय आहे. विद्यापीठ मुंबईस गेले त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे शाळा काढणे हे त्याचे काम होते. त्यासाठी ते पुन्हा वर्गणी मागत दारोदार हिंडले. महानगराकडे वळलेल्या शिक्षणाची उणीव खेड्यांत भरून काढण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

याच काळात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (स्थापना १९१९) दानाचा आणखी एक प्रकार रूढ केला. दळणाच्या वेळी प्रत्येक घराने मूठभर धान्य बाजूस काढावयाचे व ते वसतिगृहातील मुलांसाठी द्यावयाचे, अशी ही ‘मुष्टिफंडा’ची योजना होती. येथे दाता व लाभार्थी एकाच गावचे असत. त्यामुळे शाळा कोणासाठी, हा प्रश्न बाहेरच्या कोणास ठरवावा लागत नसे.

मोठे न्यास व अनुदानाचे शास्त्र : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत न्यासाचे आधुनिक रूप सिद्ध झाले. सर रतन टाटा (१८७१–१९१८) यांना दारिद्र्य हा अभ्यासाचा विषय वाटत होता. त्यांच्या वार्षिक १,४०० पौंडांच्या देणगीतून लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत दारिद्र्याची कारणे व निवारण यांच्या संशोधनासाठी विभाग सुरू झाला आणि १९१३ मध्ये आर्. एच्. टॉनी त्याचे संचालक झाले. रतन टाटांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये ८० लाख रुपयांच्या मूळ निधीतून त्यांच्या नावाचा न्यास स्थापन झाला. त्यांचे वडील बंधू सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये आपली बहुतेक संपत्ती न्यासास दिली. स्थळ, राष्ट्रीयत्व वा धर्म यांचा भेद न करता तिचा विनियोग व्हावा, अशी न्यासपत्रात तरतूद होती. पूर्वीच्या ज्ञातिनिष्ठ धर्मादायांशी तुलना करता ही तरतूद फार दूरगामी ठरली. तिच्यामुळे विश्वस्तांना बदलत्या गरजांप्रमाणे कार्य निवडता आले. १९३६ मध्ये नागपाड्यास सुरू झालेली समाजकार्याची प्रशिक्षण संस्था (पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९५४ पासून देवनार), १९४१ चे कर्करोग रुग्णालय आणि १९४५ ची मूलभूत संशोधन संस्था ही या न्यासाच्या अनुदानांची फळे होत. समाजकार्याच्या प्रशिक्षणाने अनुदानाच्या पद्धतीतही बदल झाला. अर्ज तपासणे, प्रत्यक्ष पाहणी, हप्त्यांनी रक्कम देणे आणि कामाचा अहवाल मागणे, या गोष्टी दानाचा भाग बनल्या.

मोठ्या न्यासांच्या जोडीने लहान देणग्या एकत्र करणाऱ्या संस्थाही पुढे आल्या. एअर इंडियाच्या विमानांत सेवक म्हणून काम करणारे रिपन कपूर (१९५४–९४) यांनी १९७९ मध्ये मित्रांसह ५० रुपयांच्या भांडवलावर मुंबईत ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. स्वतः शाळा चालविण्याऐवजी शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून व नागरिकांच्या देणग्यांतून ग्रामीण व वंचित भागांतील लहान संस्थांना साहाय्य करण्याचे धोरण तिने स्वीकारले. आरोग्यक्षेत्रात १९९१ मध्ये मुंबईहून निघालेली ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ ही रेल्वेगाडीतील रुग्णालयाची योजना शहरातील निधी दुर्गम प्रदेशापर्यंत नेण्याचा उल्लेखनीय प्रयत्न ठरली.

कायदा : सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवण्यासाठी मुंबई राज्यात १९५० चा सार्वजनिक न्यास अधिनियम संमत झाला; पुढे त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. त्यान्वये न्यासाची नोंदणी, हिशेब तपासणी आणि स्थावर मिळकतीच्या विक्रीस धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती आवश्यक ठरली. मूळ उद्देश पार पाडणे अशक्य वा अनुचित झाल्यास न्यायालयाच्या आदेशाने निधी दुसऱ्या उचित कार्याकडे वळविण्याची सोयही त्यात आहे. दक्षिणा निधीबाबत अर्जविनंत्यांनी जे घडले, त्यास येथे विधिवत रूप मिळाले. धर्मादाय रुग्णालयांवर या कायद्याने विशेष जबाबदारी टाकली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात.

२०१३ च्या कंपनी अधिनियमाने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. दानाच्या क्षेत्रात त्यामुळे मोठा निधी आला. परंतु कंपनीच्या कार्यस्थळाच्या परिसरास प्राधान्य द्यावे, या तरतुदीमुळे तो उद्योगप्रधान जिल्ह्यांकडे अधिक झुकतो. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी अंशदान मिळालेल्या संस्थेस ते दुसऱ्या संस्थेकडे देण्यास मनाई करण्यात आली. परिणामी शहरातील मोठ्या संस्थेने खेड्यातील लहान संस्थेस परदेशी निधीतून अनुदान देण्याचा जुना मार्ग बंद झाला.

सांताक्रूझ आणि गरजेचा भूगोल : रेल्वेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सांताक्रूझ वाढू लागले आणि १९५० मध्ये ते बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. पश्चिमेस जुहू मार्गावरील महिला विद्यापीठाचा परिसर, पूर्वेस कालिना येथील मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आणि त्यांच्या जवळच गोळीबार, वाकोला भागांतील दाट झोपडवस्त्या, अशी या उपनगराची रचना आहे. दरिद्री प्रदेश म्हणताच दूरचे आदिवासी तालुके डोळ्यांपुढे येतात. पण मोठ्या शिक्षणसंस्थांच्या कुंपणापलीकडेही तो असू शकतो. दोन्ही ठिकाणची गरज वेगळी आहे. वस्तीत शाळा जवळ असते, परंतु जागा, पाणी व घराची निश्चिती नसते. दुर्गम गावात जागा असते, परंतु शिक्षक वा डॉक्टर पोहोचत नाही. एकाच नमुन्याचे अनुदान दोन्हीकडे सारखे फलदायी होत नाही.

मूल्यमापन : या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. वास्तूसाठी पैसा मिळविणे सोपे, माणसांच्या वेतनासाठी मिळविणे कठीण, हा अनुभव दीडशे वर्षांत फारसा बदललेला नाही. दात्याची अट कधी संस्थेस स्थैर्य देते, तर कधी तिची दिशा बदलते. आवाबाईंच्या अटीने वाटसरूंचा कर वाचला. ठाकरसींच्या अटीने विद्यापीठ वाचले, पण त्याचे ठिकाण बदलले. दोराबजींनी अटी मोकळ्या ठेवल्यामुळे नव्या कार्यांना वाव मिळाला. न्यासाची व्यवस्था चोख असली, तरी ज्यांच्यासाठी पैसा दिला जातो त्यांचा निर्णयात सहभाग बहुधा अल्पच राहिला आहे. मुष्टिफंडासारख्या योजनांत तो आपोआप होता. मोठ्या न्यासांत तो हेतुपुरस्सर निर्माण करावा लागतो. पंधरा लाखांची देणगी मिळविल्यानंतरही वृद्ध कर्वे खेड्यांतील शाळांसाठी पुन्हा वर्गणी मागावयास निघाले, ही घटना म्हणूनच अर्थपूर्ण आहे. मोठ्या निधीने संस्था उभी राहते; ती गरजू माणसापर्यंत पोहोचविण्याचे काम त्यानंतरही शिल्लक असते.