मंगोलियातील मतदान आणि विनयातील शलाका

वर्षावासात रांजणगाव (ता. शिरूर) येथे विनयपिटकावर व्याख्यान देण्याचा योग आला. संघातील मतदानपद्धतीचे विवेचन संपल्यावर एका तरुण उपासकाने विचारले, "मंगोलियात ज्या पक्षाने विहार उद्ध्वस्त केले, त्यालाच १९९० साली लोकांनी निवडून दिले. मग ती निवडणूक मुक्त कशी?" प्रश्न मार्मिक होता. त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे वाटल्याने त्याचा येथे सविस्तर विचार करीत आहे.

मंगोलियाचे लोकगणराज्य १९२४ साली स्थापन झाले. सोव्हिएत रशियानंतरचे ते दुसरे साम्यवादी राज्य होय. चोइबालसानच्या काळात, विशेषतः १९३७ ते १९३९ या वर्षांत, सुमारे सातशे विहारांचा विध्वंस झाला; हजारो भिक्षूंना देहान्त शासन झाले. उलानबातर येथील गंदन विहारातील अवलोकितेश्वराची भव्य मूर्तीही हलविण्यात आली. पुढे १९४४ मध्ये हा एक विहार उघडण्यात आला व अनेक दशके तेवढ्याच ठिकाणी बौद्ध उपासना उघडपणे चालू राहिली.

१० डिसेंबर १९८९ रोजी, मानवी हक्क दिनी, उलानबातरमध्ये पहिली जाहीर निदर्शने झाली. संजासुरेन झोरिग हा तरुण अध्यापक त्या चळवळीचा अग्रणी होता. मार्च १९९० मध्ये सुखबातर चौकात उपोषण सुरू झाले. सत्ताधारी पक्षाचे प्रमुख बातमुन्ख यांनी शस्त्रबळाचा मार्ग पत्करला नाही. संपूर्ण पॉलिटब्युरोने राजीनामा दिला. त्याच महिन्यात पक्षाचे नेतृत्व गृहीत धरणारे कलम राज्यघटनेतून वगळण्यात आले. एका रक्तरंजित राजवटीचा शेवट रक्तपाताविना झाला, ही गोष्ट बौद्ध अभ्यासकाने अवश्य नोंदवावी.

जुलै १९९० मध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली. जुन्या पक्षाला महाखुरालातील ४३० पैकी ३५७ जागा मिळाल्या. मतांच्या प्रमाणात बनलेल्या ५० सदस्यांच्या लघुखुरालात मात्र त्याच्या वाट्याला ३१ जागा आल्या. उरलेल्या १९ नव्या पक्षांकडे गेल्या. पराभूत पक्षांनी बहिष्कार न घालता सभागृहात स्थान घेतले आणि त्यांच्यातील गोंचिगदोर्ज हे उपराष्ट्रपती झाले. १९९२ साली नवे संविधान अमलात आले. राज्याने धर्माचा आदर करावा, परंतु राज्याने धर्मकार्य व धर्मसंस्थांनी राजकारण करू नये, अशी मर्यादा त्यात घातली आहे. १९९६ च्या निवडणुकीत जुना पक्ष पराभूत झाला आणि त्याने सत्ता सोडली. त्याच वर्षी गंदन विहारात अवलोकितेश्वराची मूर्ती पुन्हा उभी राहिली. सर्व काही सुरळीत झाले असे नव्हे. १९९८ साली झोरिग यांची हत्या झाली. तथापि सत्तांतराचा मार्ग मतपेटीतूनच जात राहिला.

आता विनयाकडे वळू. चुल्लवग्गातील समथक्खन्धकात बहुमताने वाद मिटविण्याच्या पद्धतीस 'येभुय्यसिका' म्हटले आहे. मतासाठी दोन रंगांच्या सलाका, म्हणजे शलाका, वापरीत. गुप्त (गूळ्हक), उघड (विवटक) आणि कानात सांगून (सकण्णजप्पक) असे मतदानाचे तीन प्रकार होते. शलाका वाटणारा 'सलाकागाहापक' छंद, दोस, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणाची शलाका घेतली, कोणाची नाही, हे जाणणारा असावा लागे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षुसंघाच्या याच कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले होते.

परंतु त्याच प्रकरणातील आणखी एक नियम आपण सहसा सांगत नाही. अधम्मवादी बहुसंख्य ठरले, तर सलाकागाहापकाने शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून ते मतदान रद्द करावयाचे असे. संघ ही स्वेच्छेने आलेल्यांची संस्था होती. धम्म व विनय तेथे मतदानापूर्वीच सर्वांना मान्य होते. म्हणून तो नियम तेथे समजण्याजोगा आहे. राज्य मात्र स्वेच्छेची संस्था नव्हे. माणूस त्यात जन्मतो. सत्य आम्हालाच ठाऊक आहे, असे म्हणून मतमोजणाऱ्याने लोकांचा कौल बाजूस सारला, की जे निपजते ते मंगोलियाने सहा-सात दशके भोगले.

यास्तव उपासकाच्या प्रश्नाचे उत्तर असे : निवडणुकीचे मुक्तपण विजेत्यावरून ठरत नाही. मोजणारा चार अगतींपासून दूर आहे काय, हरलेला निर्भयपणे उभा राहू शकतो काय, आणि जिंकलेला पुढच्या वेळी हरू शकतो काय, यावरून ते ठरते. १९९० साली मंगोलियाने पहिल्या दोन कसोट्यांकडे पाऊल टाकले. तिसरी १९९६ साली पार केली.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. गावोगावी बौद्ध समाज बहुधा अल्पसंख्य असतो. बहुमत आपल्या विरोधात गेले म्हणून ते रद्द करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण बहुमताच्या जोरावर आपले हक्क रद्द करण्याचा अधिकार गावालाही नाही. विनयात धम्माचे रक्षण सलाकागाहापकाच्या हाती होते. बाबासाहेबांनी ते मतमोजणाऱ्याच्या हातून काढून संविधानातील मूलभूत हक्कांच्या स्वाधीन केले. १९५२ साली मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत स्वतः पराभूत झाल्यावर त्यांनी दाद मागितली, तीही कायद्याने नेमलेल्या न्यायाधिकरणापुढेच.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी हुकूमशाही व हिंसा या साधनांनाच आक्षेप घेतला होता. समता हवी, परंतु ती माणसाचे मन वळवून, हा त्यांचा आग्रह होता. मन वळविण्यास वेळ लागतो. मंगोलियातील पराभूतांनी सहा वर्षे ती वाट पाहिली. मतदानाच्या रांगेत उभे राहणाऱ्या आपल्या प्रत्येक उपासकाने हा धडा ध्यानी ठेवावा.