योगाने वर्ज्य ठरवलेला सूर्यनमस्कार

आज कुठल्याही योगवर्गात जा, सुरुवात सूर्यनमस्काराने होते. पण ‘हठप्रदीपिके’वरची ब्रह्मानंदांची ‘ज्योत्स्ना’ टीका वेगळेच सांगते. नव्या साधकाने काय टाळावे, याची यादी मूळ ग्रंथात आहे. पहाटेचे स्नान, उपास आणि देहाला क्लेश देणारे प्रकार तिच्यात येतात. हे क्लेश कोणते? एकोणिसाव्या शतकातले ब्रह्मानंद उदाहरणे देतात: पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि जड ओझी उचलणे!

या एका ओळीने नमस्काराची सगळी कुळकथा फिरते.

सूर्योपासना वेदकाळापासूनची, यात वाद नाही. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी नावे बीजमंत्रांसह घेत घातलेले साष्टांग नमस्कार कर्मकांडात होतेच. मात्र ‘हठप्रदीपिका’ पंधरा आसने सांगते, ‘घेरंडसंहिता’ बत्तीस; सूर्यनमस्कार दोन्हींत नाही.

म्हणून काही अभ्यासक त्याचे जनकत्व औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना देतात. 1897 च्या सुमारास त्यांनी शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची व्यायामसाधने मागवली, दशकभर तो व्यायाम केला आणि मग ते नमस्कारांकडे वळले. 1928 मध्ये त्यांचे पुस्तक आले, 1938 मध्ये लंडनहून दुसरे. तेव्हा नमस्कार हा सँडोचाच देशी अवतार, असा हा तर्क. मला तो मुळीच पटत नाही. सँडोची साधने औंधात पोचण्याआधीच ब्रह्मानंद नमस्कारांना ओझी उचलण्याच्या पंक्तीला बसवतात. म्हणजे घाम काढणारा, शेकड्यांनी मोजायचा नमस्कार तेव्हा रूढ होता.

तो आला कुठून? माझे उत्तर: तालमीतून. मल्ल जोर काढतो ते नीट पाहा. हात-पाय जमिनीला, कंबर वर. मग छाती जमिनीलगत घासत पुढे, मान वर, आणि पुन्हा कंबर उचलून मागे. नमस्काराचा मधला भाग हाच. आधी हात जोडून उभे राहणे आणि मध्ये कपाळ टेकणे एवढे पूजेतून आले. ही सांगड महाराष्ट्रात बसली असणार, कारण इथे तालमीतही मारुती आणि मठातही मारुती. समर्थ रामदास टाकळीला रोज बाराशे नमस्कार घालत, ही परंपरा त्याच मातीतली.

योगाशी सोयरीक मात्र उशिराची. 1930 च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णमाचार्य योग शिकवत, तेव्हाही नमस्कारांचा वर्ग वेगळा भरे. पुढे त्यांच्याच शिष्यपरंपरेतून तो आसनांत मिसळून जगभर गेला.

भवानरावांनी शिस्त दिली, शाळाशाळांत प्रसार केला. जन्म दिला नाही. उपासना हे नमस्काराचे पितृकुळ, तालीम मातृकुळ, आणि योगाच्या घरी तो दत्तक गेला. त्याला पाच हजार वर्षांचे आसन म्हणणारे त्याच्या मातृकुळाला विसरतात; राजाची नवी कसरत म्हणणारे दोन्ही कुळांना.