काल काय जेवलात?

कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना माहीत आहे. समजा, आहाराची पाहणी करणारा कार्यकर्ता एकादशीच्या दुसऱ्या दिवशी येथील एका घरी गेला आणि त्याने विचारले, ‘मावशी, काल काय खाल्लंत?’ उत्तर मिळेल : भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा. उत्तर अगदी खरे आहे. पण त्यावरून या घरात ज्वारी खात नाहीत असे ठरवले, तर ते साफ चुकेल. ‘महिन्याला ज्वारी किती लागते?’ असे विचारले, तर मावशी पटकन सांगतील. पण महिन्याभरात वांगी किती खाल्ली, हे कोणाच्या लक्षात राहणार?

म्हणजे प्रश्न हेही मोजण्याचे एक साधनच आहे. तराजू जसा प्रमाणित वजनांनी तपासतात, तसा प्रश्नही तपासून घ्यावा लागतो.

ही तपासणी किती महत्त्वाची, हे एका उदाहरणावरून पटेल. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीला परवडते, ती त्यांनी किमान पातळी मानली. १९६०-६१ मध्ये खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते, असा त्यांचा हिशेब होता. त्याचा आधार होता राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे अखेर घरोघरी विचारलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे.

ही पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. गेल्या आठवड्याचे विचारावे की गेल्या महिन्याचे, हा पेच प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे तेव्हाच उभा राहिला. त्यांनी तो अंदाजाने सोडवला नाही. बंगालमध्ये दोन्ही प्रकारे प्रश्न विचारून पाहिले, आणि थोड्या घरांत धान्य प्रत्यक्ष मोजले. आठवड्याच्या प्रश्नाला धान्याचे उत्तर जास्त येई; महिन्याचे उत्तर मापाच्या अधिक जवळ होते. दहा दिवसांपूर्वी आणलेली वस्तूही माणसाला याच आठवड्यातली वाटते, हे त्याचे एक कारण असू शकते. महालनोबिस आणि एस. बी. सेन यांनी १९५४ मध्ये हे मांडले आणि महिन्याचा प्रश्न रूढ झाला.

पुढे १९९४ ते १९९८ या काळात पुन्हा प्रयोग झाले. काही घरांना अन्नाबाबत ३० दिवसांचे विचारले, काहींना ७ दिवसांचे (आणि क्वचित होणाऱ्या खर्चाबाबत वर्षाचे). नव्या प्रश्नांनी नोंदलेला खर्च इतका वाढला की गरिबांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले! लोकांच्या ताटात काही बदललेले नव्हते; बदलला होता फक्त प्रश्न. १९९९-२००० मध्ये तर दोन्ही प्रश्न एकाच घराला शेजारीशेजारी विचारले गेले. त्यामुळे एक उत्तर दुसऱ्यावर प्रभाव टाकू लागले आणि आधीच्या आकड्यांशी सरळ तुलना करणे अवघड झाले. गरिबी खरोखर किती घटली, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे वाद घालत होते. २००९-१० पासून भाजी, फळे, अंडी, तेल यांसाठी ७ दिवस आणि धान्यासाठी ३० दिवस अशी विभागणीही वापरली जाऊ लागली.

पण प्रत्यक्ष मोजणे तरी निर्दोष कोठे आहे? समोर कोणी वजनकाटा घेऊन बसले, की स्वयंपाकही बदलतो आणि भूकही. म्हणून विस्मृती आणि संकोच दोन्ही नसलेला साक्षीदार हवा. तो म्हणजे आपले शरीर. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेले पाणी माणसाला पाजतात. ड्यूटेरियम शरीराबाहेर पाण्यावाटे जाते, तर ऑक्सिजन-१८ पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींवाटे. लघवी तपासून दोहोंच्या घटण्याच्या वेगातील फरक काढला, की बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा कळते. वजन स्थिर असेल तर तेवढीच ऊर्जा अन्नातून आलेली असणार. माणसांवर ही पद्धत १९८२ पासून वापरात आली. १९८६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळले, की सडपातळ स्त्रियांनी लिहिलेल्या आहाराच्या नोंदी बरोबर जुळतात. स्थूल स्त्रियांच्या नोंदी मात्र रोज सुमारे ८३५ कॅलरींनी कमी पडतात. म्हणजे चूक सर्वांची सारखी नसते, आणि म्हणूनच सरासरी काढून ती पुसली जात नाही.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. दुपारच्या आहारात प्रत्येक मुलाला किती डाव भात वाढला, हे दोघा विद्यार्थ्यांना गुपचूप टिपायला सांगा. दुसऱ्या दिवशी सर्वांना विचारा, ‘काल किती डाव घेतलेत?’ आठ दिवसांनी त्याच दिवसाबद्दल पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरे टिपणाशी ताडून पाहा. कोण चुकले यापेक्षा कोणत्या बाजूला चुकले, याकडे मुलांचे लक्ष वेधा. यापुढे वर्तमानपत्रात ‘पाहणीत असे आढळले’ हे वाक्य वाचताना प्रश्न काय विचारला होता, हे ती आपणहून विचारतील.