खाजणावरचे नगर : सॉल्ट लेकची कहाणी

शासनाने वसविलेल्या नगरांचे मूल्यमापन आपण सहसा रस्त्यांची रुंदी आणि उद्यानांची संख्या पाहून करतो. परंतु ती जमीन पूर्वी कोणाच्या उपयोगाची होती, ती कोणाला कोणत्या अटींवर मिळाली आणि दोन पिढ्यांनंतर तेथे कोण राहते, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज ते मूल्यमापन पूर्ण होत नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडील बिधाननगर, म्हणजेच सॉल्ट लेक, हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

कोलकात्याच्या भूमीचा उतार हुगळीकडे नसून पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे वाहत असे. बिद्याधरी नदी गाळाने भरत गेली, खारे पाणी येणे थांबले, आणि तेथील मच्छीमारांनी सांडपाण्यावरच मासे वाढविण्याची पद्धत विकसित केली. या मत्स्यतळ्यांना बंगालीत 'भेडी' म्हणतात. मालकी थोड्यांची आणि रोजगार पुष्कळांचा, अशी ही व्यवस्था होती. शहराला त्यातून मासळी मिळे आणि सांडपाणी विनाखर्च शुद्ध होई; मात्र या सेवेची नोंद कोणत्याही जमाखर्चात नव्हती.

फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी कोलकाता तुडुंब भरले. मध्यमवर्गासाठी नवे उपनगर असावे, ही मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांची कल्पना. १९६२ मध्ये भरावाचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी १ जुलै रोजी डॉ. रॉय निवर्तले. काम बेलग्रेडच्या 'इन्व्हेस्ट इंपोर्ट' या संस्थेकडे होते, तर नगररचना युगोस्लाव वास्तुविशारद दोब्रिवोये तोशकोविच यांची होती. हुगळीच्या पात्रातील गाळ पाण्यात कालवून नळांतून कित्येक किलोमीटर दूर आणण्यात आला आणि भेड्या बुजविण्यात आल्या.

या नव्या जमिनीवर प्रथम मोठ्या संख्येने राहिले ते मध्यमवर्गीय नव्हेत. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची प्रचंड छावणी येथे होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७२ मध्ये, येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. इंदिरा गांधींच्या मुक्कामासाठी तेव्हा बांधलेले 'इंदिरा भवन' पुढे ज्योती बसूंचे निवासस्थान झाले आणि २०१० मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत तसेच राहिले.

भूखंड ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. सट्टेबाजी होऊ नये म्हणून विक्रीवर निर्बंध घालण्यात आले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु वाटपाचा दर बाजारभावापेक्षा फारच कमी असला आणि विक्रीस बंदी असली, तर अर्थशास्त्राच्या नियमानुसार दोन गोष्टी घडतात. वाटप करणाऱ्याच्या स्वेच्छाधिकाराला अवाजवी मोल येते आणि व्यवहार कागदाआड होऊ लागतात. येथे दोन्ही घडले. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातील वाटपाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये एका उच्चपदस्थाला दिलेला भूखंड न्यायालयाने रद्द ठरविला. विक्रीचे व्यवहार मुखत्यारपत्रांच्या आडून होत राहिले. अखेर शुल्क आकारून हस्तांतरास मान्यता देण्याचा मार्ग शासनाला पत्करावा लागला.

आज येथे राहणे सुखाचे आहे, यात शंका नाही. पत्ता सांगताना रस्त्याचे नाव घ्यावे लागत नाही. ब्लॉकची इंग्रजी अक्षरे आणि जवळच्या पाण्याच्या टाकीचा क्रमांक पुरतो. ब्लॉकांना आपापली उद्याने आणि आपापली दुर्गापूजा आहे. वर्दळीच्या कोलकात्यातून येणाऱ्यास दुपारची शांतता प्रथम जाणवते. मात्र ही शांतता अंशतः वार्धक्याची आहे. पहिल्या पट्टेदारांची मुले बंगळूरूला किंवा परदेशी गेली. दुमजली घरांत वृद्ध दांपत्ये उरली, तर काही घरे बंदच असतात. त्यांची धुणीभांडी आणि शुश्रूषा करण्यासाठी कालव्यापलीकडच्या केष्टोपूरमधून आणि कडेच्या दत्ताबाद वस्तीतून माणसे येतात. तोशकोविच यांच्या आराखड्यातील आखीव ब्लॉकांत अशा वस्तीला स्थान नव्हते. पूर्व-पश्चिम मेट्रोचे काम दत्ताबादेत पुनर्वसनाच्या प्रश्नावर अनेक वर्षे अडले, तेव्हा या वस्तीचे अस्तित्व शासनाला नोंदवावेच लागले.

उरलेल्या पाणथळीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. राज्य शासनाच्याच सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी १९८० च्या दशकात भेड्यांचे कार्य अभ्यासून जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या पाणथळीच्या रूपांतरास मनाई केली आणि २००२ मध्ये सुमारे साडेबारा हजार हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. म्हणजे ज्या संपत्तीचा एक भाग १९६२ मध्ये 'पडीक' समजून बुजविला, तिचे मोल मान्य व्हायला चाळीस वर्षे लागली.

या इतिहासातून डॉ. रॉय यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्यापुढे निर्वासितांनी भरलेले शहर होते आणि पाणथळीचे शास्त्र तेव्हा कोणाजवळ नव्हते. प्रश्न आपला आहे. नवे रायपूर असो वा अमरावती, सार्वजनिक जमिनीवर नगरे आजही वसत आहेत. भाडेपट्टा करताना ठरावीक वर्षांनी भुईभाड्याचा फेरविचार करण्याची अट घातली, तर वाढत्या किमतीचा काही हिस्सा सार्वजनिक तिजोरीत परत येऊ शकतो. सेवा पुरविणाऱ्यांच्या घरांसाठी आराखड्यातच जागा ठेवली, तर दत्ताबादसारखा तिढा टाळता येईल. आणि सातबारावर वा खतियानात 'पडीक' असा शेरा दिसला, की त्या जमिनीवर कोणाचे पोट चालते हे संबंधित अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहावे. आराखड्यावर सही होण्यापूर्वी त्याला एवढा वेळ नक्कीच मिळू शकतो.